सीटीत ‘कॅन्सर पसरलाय’ आणि तुकड्याच्या रिपोर्टमधे साधी फायब्रॉइड, खरं काय मानायचं?

भांडुपकरीण
नमस्कार मंडळी, मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. माझी मोठी बहीण, वय ४१, डोंबिवलीला असते, दोन मुलं. काही वर्षांपूर्वी तिच्या गर्भपिशवीतली फायब्रॉइड दुर्बिणीतून काढली होती, पिशवी ठेवली होती. मधे सगळं नीट होतं. दिवाळीपासून पोट जड वाटतं, फुगल्यासारखं होतं, म्हणून तक्रार सुरू झाली, सासूबाईंचं निदान गॅस, त्यामुळे ओवा आणि हिंग यात थोडे दिवस गेले. मग सोनोग्राफी केली तर पोटात बऱ्याच गाठी. लगेच सीटी. सीटीच्या रिपोर्टमधे शेवटी लिहिलंय मल्टिपल पेरिटोनियल अँड ओमेंटल डिपॉझिट्स, पेरिटोनियल कार्सिनोमॅटोसिस (म्हणजे पोटाच्या अस्तरावर पसरलेला कॅन्सर) वाटतंय, ओव्हरीतून असू शकेल. सीए १२५ (ओव्हरीच्या कॅन्सरसाठी बघतात ती रक्ततपासणी) आलं ६८.

एका डॉक्टरांनी तोंडीच सांगून टाकलं की तिसरी स्टेज धरून चला, आधी केमो मग ऑपरेशन. घरात काय झालं असेल ते तुम्हाला कळेलच, कोल्हापूरहून मामा रात्रीच्या गाडीने निघाले, भावोजी ऑफिसात कोणाला न सांगता रजा टाकून बसले. पण दुसऱ्या एका बाईंनी (त्या ऑन्कोसर्जन आहेत) केमोला साफ नाही म्हटलं, आधी तुकडा घ्या म्हणाल्या. सोनोग्राफीवर बघून सुईने तुकडा घेतला. त्याचा रिपोर्ट काल आला, त्यात लिहिलंय लायोमायोमा, अटिपिया (वेड्यावाकड्या पेशी) नाही, नेक्रोसिस (मेलेला भाग) नाही. म्हणजे फायब्रॉइडच ना? पण फायब्रॉइड पिशवीत असते, ही आतड्याच्या बाजूला, चरबीच्या पडद्यावर कशी काय गेली? आणि पसरली म्हणजे कॅन्सरच ना? भावोजी म्हणतात लॅबची चूक आहे, सुई भलतीकडेच लागली असणार. बाईंची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, तोपर्यंत कोणाला असं काही माहीत असेल तर प्लीज सांगा. खोटा धीर नको.

सेंट्रल_लाइन_त्रस्त
काही विचार करू नका, सरळ टाटाला जा परळला, सकाळी लवकर निघा, पेपर काढायलाच वेळ जातो. सीटी, सीडी, स्लाइड सगळं घेऊन जा. देव बरं करो.

स्लाइडवाली
मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रोजचं कामच हे. तुमच्या ताईच्या स्लाइड मी बघितलेल्या नाहीत त्यामुळे तिला हेच आहे असं मी म्हणत नाहीये, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात लॅबची चूकच असली पाहिजे असं काही नाही. दोन्ही रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर असू शकतात. सीटीला गाठीचा आकार, जागा, किती आहेत, रक्तपुरवठा कसा आहे हे दिसतं. पेशी दिसत नाहीत. पुलावरून दादर स्टेशनची गर्दी दिसते, त्यात पाकीटमार कोण ते खाली उतरून चेहरा बघितल्याशिवाय कळत नाही. रेडिओलॉजिस्टने ‘सजेस्टिव्ह’ लिहिलं असेल, आणि बाईच्या पोटात पेरिटोनियमवर पुष्कळ गाठी दिसल्या तर ओव्हरीचा कॅन्सर मनात पहिला यायलाच हवा, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. चुकलं ते तुकड्याशिवाय स्टेज सांगणाऱ्यांचं.

आता फायब्रॉइड तिथे गेली कशी. याला डिसेमिनेटेड पेरिटोनियल लायोमायोमॅटोसिस म्हणतात, नाव लांबलचक आहे, आम्ही डीपीएल म्हणतो. १९५२ मधे विल्सन आणि पील यांनी याचं पहिलं वर्णन केलं. पोटाच्या आतल्या अस्तरावर, ओमेंटमवर (तुम्ही चरबीचा पडदा म्हणालात तोच), आतड्याच्या बाहेरून, अशा पुष्कळ छोट्यामोठ्या गाठी होतात आणि प्रत्येक गाठ मायक्रोस्कोपखाली साधी फायब्रॉइड असते, गुळगुळीत स्नायूच्या पेशी, शिस्तीत. दुर्मिळ आहे पण आहे. का होतं याचे दोन विचार आहेत. एक म्हणजे अस्तराखालच्या काही पेशी इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या नादाने स्नायूच्या पेशी बनतात, म्हणून हे गरोदरपणात, हार्मोनच्या गोळ्या बरीच वर्षं घेणाऱ्यांत, म्हणजे पाळी चालू असलेल्या वयात जास्त दिसतं. आणि दुसरं म्हणजे आधीचं ऑपरेशन. दुर्बिणीतून मोठी गाठ बाहेर काढायची तर भोक एवढंसं, मग गाठ पोटातच मशीनने बारीक करून काढायचे, त्या मशीनला मॉर्सेलेटर म्हणतात. त्यात बारीक तुकडे उडून पोटात कुठेतरी राहतात, तिथल्या अस्तरातून रक्तपुरवठा मिळवतात आणि वर्षांनी वाढतात. म्हणून ताईचं जुनं डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट शोधा आणि त्यात मॉर्सेलेशन शब्द आहे का ते बघा. त्या वेळच्या गाठीचा हिस्टोपॅथ (मायक्रोस्कोपखालच्या तपासणीचा) रिपोर्टही शोधा, तो तर फारच महत्त्वाचा, कारण तेव्हाची गाठ खरंच साधी होती का हे त्यातून कळेल.

अजून एक, सीटीच्या रिपोर्टमधे असायटिस म्हणजे पोटात पाणी आहे का, ओमेंटल केकिंग म्हणजे तो पडदा जाड झालाय असं लिहिलंय का, लिव्हरमधे काही आहे का, ओव्हरी वेगळ्या आणि नॉर्मल दिसतायत का हे वाचा. डीपीएलमधे शक्यतो पाणी नसतं, गाठी गोल आणि ठसठशीत कडांच्या असतात, पेशंट वजनाने ढासळलेली नसते. ओव्हरीच्या पसरलेल्या कॅन्सरमधे बहुतेक वेळा पाणी असतं. हा नियम नाही, इशारा आहे.

आणि सीए १२५ ६८ वर कोणी स्टेज ठरवत असेल तर कठीण आहे. ३५ ची रेघ आहे खरी पण एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, टीबी, लिव्हरचा आजार, अगदी पाळी चालू असताना सुद्धा ते वर जातं. पोटाचं अस्तर कशानेही चिडलं की हे वाढतं.

परळकर७२
वरचं टीबीचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्या आईचं असंच झालं, फक्त तिला फायब्रॉइड नव्हती. पोटात पाणी, वजन उतरलेलं, संध्याकाळी कणकण, सीए १२५ पाचशेच्या वर, सीटीमधे ओमेंटम जाड, ओव्हरीजवळ गोळा. ओव्हरीचा कॅन्सर म्हणूनच सगळे बोलत होते, आमच्या चाळीत तर बायका भेटायला येऊन रडून जायच्या, आई बिचारी त्यांनाच चहा करून द्यायची. पाणी काढून तपासलं, त्यात कॅन्सरच्या पेशी नाहीत, पण डॉक्टर म्हणाले पाण्यात नाही सापडल्या म्हणजे कॅन्सर नाही असं होत नाही. त्या पाण्यात टीबीकडे बोट दाखवणारं एडीए वाढलेलं आलं. टीबीची जीनएक्सपर्ट निगेटिव्ह, मग आम्ही अजून गोंधळलो. शेवटी दुर्बिणीने आत बघून तुकडे घेतले तर ग्रॅन्युलोमा, म्हणजे पोटाचा टीबी. सहा महिने एकेटी (टीबीची औषधं) चालली, गोळ्या पालिकेच्या दवाखान्यातून फुकट, आणि सीए १२५ आपोआप खाली आलं. आज ती मला भाजीत मीठ जास्त झालं म्हणून बोलते.

मुंबईत राहून पोटात पाणी दिसल्यावर टीबीचा विचार न करता थेट केमो हे मला आजही झेपत नाही.

स्लाइडवाली
@परळकर७२ बरोबर, आणि ही आपल्याकडची सगळ्यात कॉमन फसगत आहे, डीपीएलपेक्षा कितीतरी जास्त. पोटाच्या पाण्यात टीबीचे जंतू फार थोडे असतात त्यामुळे जीनएक्सपर्ट निगेटिव्ह आली तरी टीबी सुटत नाही, कल्चरला तर सहा आठवड्यांपर्यंत लागतात. तुकड्यात ग्रॅन्युलोमा दिसला की गाडी रुळावर येते. भांडुपकरीण ताईंच्या केसमधे तुकड्यात स्नायूची गाठ आली आहे, त्यामुळे इथे टीबीचा प्रश्न दिसत नाही.

निसर्गोपचार_प्रेमी
ऑपरेशन, केमो काही नको. गाठी विरघळतात. सकाळी कांचनार काढा आणि बायकांसाठी जे हार्मोन टॉनिक मिळतं ते तीन महिने. माझ्या ओळखीत खूप जणींना फरक.

वसईवाली
@निसर्गोपचार_प्रेमी अहो वरती लिहिलंय ना गाठी हार्मोनवर वाढतात, आणि तुम्ही त्यावर हार्मोन टॉनिक देताय? कमाल आहे. भांडुपकरीण, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंही टॉनिक, गोळी, काढा काही नको.

आता मी जे लिहिणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही, पण खोटा धीर नको म्हणालात म्हणून लिहिते. ‘साधी’ शब्दावर लगेच पेढे वाटू नका. माझ्या चुलत जावेला सुईच्या तुकड्यात लायोमायोमा आलं होतं, ऑपरेशननंतर पूर्ण गाठ तपासली तर लायोमायोसार्कोमा, म्हणजे त्याच स्नायूचा कॅन्सर निघाला. सुई जिथे लागली तिथे साधं होतं, दोन इंच बाजूला वेगळंच. मॉर्सेलेटरचं तर जगभर गाजलं होतं, अमेरिकेत एमी रीड नावाच्या ॲनेस्थेशियाच्या डॉक्टर होत्या, त्यांची २०१३ मधे फायब्रॉइड समजून पिशवी अशीच मशीनने काढली आणि आत सार्कोमा निघाला, तो पोटभर पसरला. त्या आणि त्यांचे मिस्टर त्या मशीनविरुद्ध लढले, २०१७ मधे त्या गेल्या. २०१४ मधे तिथल्या एफडीएने इशारा दिला होता की फायब्रॉइड म्हणून ऑपरेशन होणाऱ्या साधारण ३५० बायकांमधे एकीला न कळलेला सार्कोमा असू शकतो. म्हणून म्हणते, पूर्वी मॉर्सेलेशन झालं असेल तर दोन्ही शक्यता येतात, साधे तुकडे रुजले ही पण आणि दुसरी पण. एका सुईच्या तुकड्यावर विषय बंद करू नका.

स्लाइडवाली
@वसईवाली शंभर टक्के. हे मीच आधी लिहायला हवं होतं असं वाटलं वाचून. (तो ३५० चा आकडा जास्त आहे असं पुष्कळ स्त्रीरोगतज्ज्ञांचं म्हणणं होतं, त्यावर बरीच भांडणं झाली, पण धोका शून्य नाही यावर भांडण नाही.)

सार्कोमा की साधी हे आम्ही मुख्य तीन गोष्टींवर ठरवतो. पेशींची केंद्रकं वेडीवाकडी झालीत का, मायटोसिस म्हणजे विभागणाऱ्या पेशी किती, आणि गाठीच्या मधे ट्यूमर सेल नेक्रोसिस आहे का. सुईच्या तुकड्यात जेवढं आलं तेवढंच बघता येतं, त्यामुळे नेक्रोसिस नाही असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ‘या तुकड्यात नाही’. म्हणून डीपीएलवर शिक्कामोर्तब करायला वेगवेगळ्या जागच्या दोन-चार गाठी पूर्ण काढून बघितलेल्या बऱ्या. शिवाय इम्युनो करायला सांगा, आयएचसी म्हणतात, डेस्मिन, एसएमए, कॅल्डेस्मॉन पॉझिटिव्ह म्हणजे स्नायू, ईआर-पीआर पॉझिटिव्ह म्हणजे हार्मोनला ऐकणारी, आणि सीडी११७ व डॉग-१ निगेटिव्ह हवं कारण आतड्याची जिस्ट नावाची गाठ पण दिसायला अशीच लांबट पेशींची असते आणि तिचं औषध पूर्ण वेगळं. केआय-६७ (पेशी किती वेगाने विभागतायत त्याचं माप) कमी असलं तर जीव थोडा भांड्यात पडतो.

भांडुपकरीण
सगळ्यांचे खूप आभार, वसईवाली तुमचे जास्त. काल रात्री डोंबिवलीला जाऊन कपाट उपसलं. डिस्चार्ज कार्ड सापडलं, त्यात स्पष्ट लिहिलंय ‘मायोमा रिट्रीव्ह्ड बाय मॉर्सेलेशन’. तेव्हाचा हिस्टोपॅथ पण मिळाला, लायोमायोमा विथ हायलाइन चेंज. सीटीमधे असायटिस नाही, ओव्हरी दोन्ही वेगळ्या दिसतात असं वरती बारीक अक्षरात लिहिलंय, आम्ही सगळे फक्त शेवटच्या दोन ओळी वाचून रडत होतो. आणि ताईने सांगितलं की ऑपरेशननंतर पाळी नीट यावी म्हणून गोळ्या चालू होत्या, मधे बंद केल्या, परत चालू केल्या, एवढंच आठवतंय तिला.

आता दोन प्रश्न. भावोजी म्हणतात पेट स्कॅन करून टाकू म्हणजे सोक्षमोक्ष लागेल, करावा का? आणि समजा हे डीपीएलच निघालं तर पुढे करतात काय, सगळं पोट साफ करतात का?

नाइट_ड्युटी
गायनॅक रेसिडेंट आहे, म्युनिसिपल हॉस्पिटलात, ड्युटीच्या मधे लिहितेय त्यामुळे वाक्यं तुटक असतील.

पेटने सोक्षमोक्ष लागत नाही. पेट साखर कुठे जास्त खपते ते दाखवतं. टीबी चमकतो, इन्फेक्शन चमकतं, काही साध्या फायब्रॉइड पण चमकतात. उलट एमआरआय जास्त उपयोगी पडेल, साधी फायब्रॉइड टी२ ला काळी दिसते. पण डॉक्टर सांगतील ते करा, इथे वाचून स्वतः स्कॅन बुक करू नका. छातीचा सीटी झाला नसेल तर ते मात्र विचाराच, कारण साध्या फायब्रॉइडच्या गाठी क्वचित फुप्फुसात पण सापडतात, त्याला बिनाइन मेटास्टसायझिंग लायोमायोमा म्हणतात, स्टायनरने १९३९ मधेच लिहून ठेवलंय. आधीच माहीत असलं की तिथे गोल डाग दिसल्यावर परत आरडाओरडा होत नाही, त्याचा पण तुकडा घ्यायचा एवढंच.

उपचार एकच असा ठरलेला नाही कारण केसेस कमी आहेत. हार्मोनच्या गोळ्या बंद, ही पहिली गोष्ट. मोठ्या, दाबणाऱ्या, दुखणाऱ्या गाठी काढतात. प्रत्येक दाणा वेचायच्या मागे लागून आतडं कापत बसायची गरज बहुतेक वेळा नसते, कॅन्सरमधे जमेल तेवढं सगळं काढतात (डीबल्किंग) तसं हे नाही. मग इस्ट्रोजेन कमी करायची औषधं, ल्युप्रोलाइडसारखं इंजेक्शन किंवा लेट्रोझोल. इंजेक्शनने तात्पुरती पाळी बंद होते, अंगातून वाफा निघतात, चिडचिड होते, हाडं विरळ होतात म्हणून वर्षानुवर्षं देत नाहीत. ओव्हरी काढणं हा पण पर्याय आहे, पण ४१ व्या वर्षी तो निर्णय हलका नाही, हाडं, हृदय सगळं त्यात आलं, ताईशी बसून नीट बोलून घ्यायचा, तिच्या सासूबाईंशी नाही. पाळी गेल्यावर गाठी आपसूक बारीक होतात शक्यतो. क्वचित यातल्या एखाद्या गाठीचा खरोखर कॅन्सर झाल्याच्या केसेस आहेत, म्हणून फॉलोअप सोडायचा नाही, काही वाढतंय असं दिसलं की परत तुकडा.

एक सांगते, मागे एका सिझरमधे पोट उघडलं तर पिशवीच्या मागे, ओमेंटमवर सगळीकडे पांढरट ठिपके. ऑपरेशन थिएटरमधे एकदम शांतता. बाळ बाहेर काढलं, मॅडमनी दोन ठिकाणचे तुकडे पाठवले, बाईंना टेबलवर कोणी काही बोललं नाही. रिपोर्ट आला डेसिड्युओसिस, म्हणजे गरोदरपणात गर्भपिशवीचं अस्तर जसं बदलतं तसाच बदल पोटाच्या अस्तराखाली झालेला, बाळंतपणानंतर काही आठवड्यांत तो आपला आपण जातो. त्या दिवशी कोणी घाबरून पिशवी काढली असती तर? नुसत्या डोळ्याने बघून आपल्या मॅडमसुद्धा सांगू शकल्या नाहीत, त्यांचा अनुभव माझ्या वयाइतका आहे.

अशा अजून गोष्टी आहेत, एंडोसाल्पिंजिओसिस (गर्भनळीच्या अस्तरासारख्या पेशी पोटात), ओव्हरीच्या टेराटोमा नावाच्या गाठीबरोबर पोटभर पसरणारे ग्लियाचे (मेंदूतल्यासारख्या पेशींचे) साधे दाणे, मेग्ज सिंड्रोम जिथे ओव्हरीची साधी फायब्रोमा आणि पोटात व छातीत पाणी, गाठ काढली की पाणी गायब. बेल वाजली, जाते.

सेंट्रल_लाइन_त्रस्त
बापरे, मला वाटलं पसरलं म्हणजे संपलं. आमच्या आत्याच्या वेळी कोणी एवढं समजावून सांगितलं नव्हतं.

भांडुपकरीण
@नाइट_ड्युटी सासूबाईंचं वाक्य ताईला वाचून दाखवलं, बऱ्याच दिवसांनी हसली.

बाईंशी फोनवर बोलणं झालं, त्यांनी स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही टाटाला रिव्ह्यूला द्यायला सांगितलंय, आयएचसी तिथेच होईल म्हणाल्या, मग ट्यूमर बोर्डमधे रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी सगळ्यांसमोर केस ठेवतील आणि दुर्बिणीने बघायचं की उघडून हे ठरेल. केमोचं नाव तोपर्यंत काढायचं नाही म्हणाल्या. ब्लॉक म्हणजे काय आणि तो लॅब देते का? आधीच्या नर्सिंग होममधल्या जुन्या गाठीचा पण मागू का?

स्लाइडवाली
देतात, तुमचाच आहे तो. तुकडा मेणात बसवलेला छोटा चौकोन असतो, त्यातून परत नवीन काप काढता येतात म्हणून नुसत्या स्लाइडवर भागत नाही. लॅबमधे लेखी अर्ज करा, ओळखपत्राची झेरॉक्स आणि पेशंटची सही लागते, नंबर रिपोर्टवरचा आणि ब्लॉकवरचा जुळतो का ते काउंटरवरच बघून घ्या. जुना ब्लॉक हवाच, लॅबनी अजून ठेवला असेल तर आधी तोच मागा, काही ठिकाणी जुने ब्लॉक काढून टाकतात म्हणून उद्याच फोन करा. स्लाइड कडक डबीत द्या म्हणावं, लोकलमधे पर्समधे नुसत्या टाकल्या तर परळला पोचेपर्यंत काचांचा चुरा. आणि ब्लॉक उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते. रिव्ह्यूला देताना सीटीची सीडी, जुनं डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची हिस्टरी एका कागदावर लिहून सोबत जोडा, समोरच्या पॅथॉलॉजिस्टला आधीचं मॉर्सेलेशन माहीत असणं आणि नसणं यात फार फरक पडतो.

भांडुपकरीण
ठीक, सकाळी ९ ला लॅब उघडते, भावोजींना पाठवते. रिपोर्ट आला की इथेच टाकीन.